इंजिनीअरिंगच्या वर्गात धंदा शिकवता येतो का?

सीईटीचा निकाल लागला, पर्सेंटाइल हातात आले की आपल्या घरांमध्ये एकच हिशेब सुरू होतो. कॉम्प्युटर मिळेल की मेकॅनिकलवर समाधान मानायचे, फी किती, शिष्यवृत्ती किती, उरलेले कुठून आणायचे. हा हिशेब कधी कधी अम्मीच्या बांगड्यांपर्यंत जातो. एवढ्या खटाटोपामागे सगळ्यांच्या मनात चित्र मात्र एकच असते. चार वर्षांनी मुलगा किंवा मुलगी कंपनीत लागेल, एक तारखेला पगार येईल आणि लूम, गॅरेज, बेकरी, भंगाराचे दुकान यांतून पुढची पिढी सुटेल.

अशा घरातला मुलगा तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी जेवताना सांगतो की, कॉलेजात उद्योजकता आणि इनोव्हेशन असा विषय आहे आणि सर म्हणतात, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. अब्बांच्या पोटात गोळा येतो. धंदा काय असतो हे त्यांना सरांपेक्षा जास्त ठाऊक असते. उधारी कशी बुडते, मंदीत कामगारांचा आठवडा कसा भागवायचा, यात त्यांची हयात गेलेली असते. याच धंद्यातून सुटावे म्हणून ज्याला शिकवले, त्यालाच कॉलेज पुन्हा धंद्याकडे पाठवू लागले, तर त्यांनी काय समजायचे?

मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. 'हे खूळ डोक्यातून काढ' म्हणून विषय संपवला जातो, नाही तर टीव्हीवरचे गुंतवणूकदारांचे कार्यक्रम पाहून आपलाही मुलगा उद्या कोटींचा आकडा सांगेल अशी स्वप्ने पडू लागतात. कॉलेज या नावाखाली नेमके काय शिकवते, हे मात्र कोणीच विचारत नाही. या महिन्यात आम्हाला त्याबद्दलच बोलायचे आहे.

सरकारी बाजूने पाहिले तर तयारी कमी नाही. 16 जानेवारी 2016 रोजी 'स्टार्टअप इंडिया' सुरू झाले. त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, कॉलेजांसाठी स्टार्टअप धोरण आणले. 2017 पासून 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' होऊ लागली. 2018 मध्ये शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल निघाला आणि त्याच्या सांगण्यावरून कॉलेजाकॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल बसले. 2019 मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय धोरण आले. कागदावर हे सारे उत्तम आहे.

कागदावरून वर्गात येताना मात्र त्यातले बरेचसे सांडते. अनेक कॉलेजांमध्ये हा विषय ज्या प्राध्यापकाचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. 'यशस्वी उद्योजकाचे गुण सविस्तर लिहा, गुण 10' असा प्रश्न येतो आणि मुले जिद्द, चिकाटी, नेतृत्व असे लिहून येतात. वर्षातून एकदा बिझनेस प्लॅनची स्पर्धा होते, बॅनर लागतो, फोटो निघतात, अहवाल वर जातो. फायनल इयरच्या प्रोजेक्टची गत तर सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या शहरांत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानेच आहेत. पैसे मोजा, सर्किट घ्या, रिपोर्ट बांधून घ्या. नवनिर्मितीचा विषय शिकणारा मुलगा नवनिर्मिती दुकानातून विकत आणतो, आणि घरच्यांना वाटते की पोराने रात्र रात्र जागून मशीन बनवले.

हाच विषय नीट शिकवला तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अत्यंत गरीब लोकांना परवडतील अशा वस्तू बनवण्याचा एक कोर्स चालतो. 2007 मध्ये त्या वर्गातील एका गटाला काम मिळाले ते कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर बनवण्याचे. आपल्याकडे तिला 'काचेची पेटी' म्हणतात. अशा पेटीची किंमत तेव्हा 20 हजार डॉलरपर्यंत जायची आणि मुलांना ती त्याच्या एक टक्क्यात बसवायची होती. साधा इंजिनीअर काय करेल? पेटी उघडेल, एकेक सुटा भाग स्वस्त करीत जाईल. या गटातला एक विद्यार्थी मात्र नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला देणगीत मिळालेल्या पेट्या दिसल्या, आणि त्यांतल्या कितीतरी रिकाम्या होत्या. बाळे मरत होती ती डोंगरातल्या खेड्यांत. तिथून शहरातल्या पेटीपर्यंत ती पोहोचतच नव्हती, आणि खेड्यात विजेचा भरवसा नव्हता.

म्हणजे मुळात प्रश्न पेटीचा राहिलाच नाही. बाळाला ऊब हवी होती, तीही विजेशिवाय, आईच्या कुशीजवळ. मग त्या मुलांनी बाळाला गुंडाळता येईल अशी एक छोटी पिशवी बनवली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचा पाऊच बसवला. तो गरम करून आत ठेवला की काही तास 37 अंशांच्या आसपास ऊब टिकवतो. 'एम्ब्रेस' या नावाने पुढे त्याची संस्था झाली. त्या चौघांत आपल्या आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले राहुल पॅनिकर होते, आणि वर्ग संपल्यावर हे काम भारतात, बेंगळुरूला आले.

या हकिकतीचा पुढचा भाग आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे. पिशवीचा नमुना घेऊन ही मंडळी राज्यातल्या एका छोट्या गावात आली. तापमान 37 अंशांवर ठेवा, असे आईला सांगितले. बोलता बोलता कळले की ती आई ते 30 वरच ठेवणार. का? तर डॉक्टरांचे औषध फार कडक असते, म्हणून एक चमचा सांगितले तर ती बाळाला अर्धाच देते. मग ऊबही थोडी कमीच बरी! आता यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी आपल्या घरातल्या दादी-नानींना आठवावे. त्यांनीही हेच केले असते, आणि तेही मायेपोटीच. गटाने त्या आईला व्याख्यान दिले नाही. पिशवीवरचे आकडेच काढून टाकले. ऊब पुरेशी आहे की नाही, एवढेच सांगणारी खूण ठेवली. स्टॅनफर्डच्या कोणत्याही प्रयोगशाळेत बसून हे कळले नसते.

याच विद्यापीठात 2011 पासून स्टीव्ह ब्लँक या अनुभवी उद्योजकाने एक वेगळी पद्धत सुरू केली. जाडजूड बिझनेस प्लॅन लिहायचाच नाही. आपली कल्पना म्हणजे निव्वळ अंदाज आहे असे धरायचे आणि तो खरा की खोटा हे पाहायला दर आठवड्याला कॉलेजच्या इमारतीबाहेर पडून माणसांना भेटायचे. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने ही पद्धत आपल्या संशोधकांसाठी घेतली. तिथे सात-आठ आठवड्यांत सुमारे 100 माणसांना भेटावे लागते. ग्राहक, दुकानदार, दुरुस्ती करणारा, माल विकत घेणारा, पैसे देणारा. नामवंत शास्त्रज्ञसुद्धा या भेटींतून तोंड पाडून परत येतात, कारण आपण बनवलेली वस्तू कोणाला नकोच आहे, हे त्यांना तिथे समजते. वर्गातली परीक्षा म्हणून आम्हाला ही 10 गुणांच्या प्रश्नापेक्षा बरी वाटते.

आता आपल्या घरांकडे येऊ. आमचे म्हणणे असे आहे की, अमेरिकेच्या मुलाला जे शोधायला विमानाने काठमांडूला जावे लागले, ते आपल्या मुलांच्या दारात पडलेले आहे. फक्त आपण ते त्यांच्यापासून लपवतो.

मालेगाव किंवा भिवंडीतला यंत्रमागाचा कारखाना घ्या. इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलाने तिथे पाऊल टाकू नये, कपड्यांना तेल लागेल, असे अब्बाच सांगतात. त्या कारखान्यात जुना साधा माग खडखडत असतो. धोटा इकडून तिकडे धावतो. मध्येच ताण्याचा एक धागा तुटतो. नव्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारण तशी सोय त्याला असते. साध्या मागाला ती नसते. कारागिराचे लक्ष दुसऱ्या मागाकडे असेल तर कापड तसेच विणले जाते आणि त्यात सरळ रेघ पडते. माल तपासताना ती रेघ दिसली की पैसे कापले जातात.

मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी हे पाहून म्हणेल, सोपे आहे, एक सेन्सर बसवू. इथे उद्योजकतेचा विषय नीट शिकवणारा शिक्षक हवा, जो त्याला विचारेल: असे साधन तर आधीपासून बाजारात आहे. 2017 मध्ये केंद्र सरकारने 'पॉवरटेक्स इंडिया' योजना आणली, तिच्यात साध्या मागांना अशी साधने जोडायला अनुदानही होते. तरी या मागावर ते का नाही? उत्तर शोधायला मुलाला महिनाभर तिथे बसावे लागेल. कापसाच्या फुंकीने सेन्सर गुदमरतो का? बिघडला तर मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला तो दुरुस्त करता येतो का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न हा की, पैसे कोण देणार? सूत व्यापाऱ्याचे असते, माग दुसऱ्याचा असतो आणि त्यावर हात तिसऱ्याचे चालतात. खोट निघाली तर नुकसान ज्याच्या अंगावर येते तो कारागीर साधन विकत घेऊ शकत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला ते घेण्याची घाई नाही, कारण त्याने कापून घेतलेले असते.

हा प्रश्न कोणत्याही गाइडमध्ये नाही. तो सुटला तर त्या मुलाला इंजिनीअरिंगही आले आणि धंदाही कळला. सुटला नाही, तरी आपल्या अब्बांचा व्यवसाय त्याला पहिल्यांदा समजला, आणि आमच्या मते तोही लहान लाभ नाही. आपल्या मिस्त्रींना, फिटरना, गॅरेजवाल्यांना आपण वर्षानुवर्षे 'हुनरमंद' म्हणतो आणि मुलांना त्यांच्यापासून दोन हात लांब ठेवतो. कॉलेजचे सर त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून कधी बोलावत नाहीत. बोलावले पाहिजे. मानधनही दिले पाहिजे.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. आपल्या मुली आता मोठ्या संख्येने इंजिनीअरिंगला जाऊ लागल्या आहेत आणि घरचे त्यांना बाहेरगावी इंटर्नशिपला पाठवताना दहादा विचार करतात. त्यावर वाद घालण्याची ही जागा नाही. पण मुंब्रा, कुर्ला, धारावीत घराघरांत बायका तुकड्यावर काम करतात. तयार कपड्यांचे धागे कापायचे, टिकल्या-मणी लावायचे, जरीकाम करायचे. मंद दिव्याखाली मान वाकवून तासन्‌तास. त्यांच्या पाठदुखीवर, डोळ्यांवर, मुकादम देतो त्या दरावर कोणत्या इंजिनीअरने विचार केला? पुरुष विद्यार्थी त्या खोलीत जाऊच शकत नाही. आपली मुलगी सहज जाते, जमिनीवर बसते, चहा पिते आणि दोन तासांत जे ऐकून येते ते कोणत्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवर येत नाही.

नुसते डोके चालणे आणि धंदा उभा राहणे यांत किती अंतर आहे, हेही मुलांना कळले पाहिजे. बिहारमधील मोतिहारीचे मोहंमद सैदुल्लाह यांनी 1975 च्या पुरात अडकल्यावर पाण्यावर तरंगत चालणारी सायकल बनवली. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला. सायकल खरी होती, चालत होती, पण तिच्यामागे कारखाना, भांडवल, विक्री, पेटंट सांभाळणारा माणूस, यांतले काहीच उभे राहिले नाही आणि ती बाजारात मोठ्या संख्येने आलीच नाही. त्यांच्या शेजारी चार इंजिनीअर, एक हिशेबनीस आणि एक विक्रेता असता तर? वर्गाचे काम हे चार-पाच प्रकारचे लोक एका टेबलाभोवती बसवण्याचे आहे. आपल्या सभांमध्ये उदाहरण मात्र नेहमी अझीम प्रेमजींचे दिले जाते. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच सांगतो, 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून आले, तेव्हा अमळनेरची वनस्पती तुपाची कंपनी 1945 पासून उभी होती. त्यांनी तिचे पुढे जे केले ते अफाटच. पण ज्याच्या घरी चार माग आहेत त्या मुलाने त्यातून नेमके काय उचलायचे, हे वक्ते सांगत नाहीत.

पैशाचा प्रश्न घरात सगळ्यात आधी येतो, आणि व्याजाचा विषय आला की आपल्याकडे चर्चा तिथेच थांबते. म्हणून हे माहीत असावे की विद्यार्थ्याच्या नव्या उद्योगाला सुरुवातीला मिळणारा पैसा बहुतेकदा कर्ज नसतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी-प्रयास' योजनेत नमुना बनवण्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. 2021 मध्ये आलेल्या 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. योजना बदलतात, बंद होतात, नव्या येतात. त्या वेळी काय चालू आहे ते इनक्युबेशन सेंटरमध्ये जाऊन विचारावे. आयआयटी मुंबईतले 'साइन' हे असे सेंटर 2004 पासून आहे. पुढच्या टप्प्यावर गुंतवणूकदार पैसे देतो ते भागीदारीच्या रूपाने. धंदा चालला तर त्याचा हिस्सा, बुडाला तर त्याचेही पैसे बुडाले. मुदारबा आणि मुशारका हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा व्यवहार फार परका वाटणार नाही. मात्र काही करारांमध्ये नंतर शेअर्समध्ये बदलणारे कर्ज असते आणि त्यावर व्याज लिहिलेले असते. सही करण्याआधी सीएला दाखवा आणि आर्थिक व्यवहार समजणाऱ्या आलिमांनाही विचारा. मित्रामित्रांत सुरू केलेल्या कामातही कोणाचा हिस्सा किती, मधेच कोणी नोकरी धरून गेला तर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

पेटंटचेही तसेच. मुले प्रदर्शनात यंत्र मांडतात, व्हिडिओ टाकतात, बक्षीस घेतात आणि मग पेटंटची चौकशी करतात. अर्ज दाखल होण्याआधी कल्पना जाहीर झाली की कायद्याच्या नजरेत तिचे नवेपण गेले. अपवाद आहेत, पण फार थोडे. शिक्षणसंस्थेच्या नावे अर्ज केला तर 2021 पासून फीमध्ये 80 टक्के सवलत आहे. नुसत्या ॲपचे, म्हणजे निव्वळ संगणकीय प्रोग्रामचे पेटंट आपल्या कायद्यात मिळत नाही, हेही मुलांना कोणी सांगत नाही.

आता 2019 च्या त्या राष्ट्रीय धोरणात काय आहे ते पालकांनी जाणून घ्यावे, कारण कॉलेज स्वतःहून सांगेलच असे नाही. विद्यार्थी आपला स्टार्टअप मिनी किंवा मेजर प्रोजेक्टच्या जागी दाखवू शकेल, अशी शिफारस त्यात आहे. कामासाठी एक सत्र किंवा वर्षभर सुट्टी घेऊन परत शिक्षण पूर्ण करता यावे, हजेरी कमी पडली तरी परवानगीने परीक्षेला बसता यावे, असेही त्यात म्हटले आहे. कॉलेजने जागा, यंत्रे, मार्गदर्शन पुरवले तर त्या बदल्यात ते उद्योगात 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेऊ शकते. कॉलेजची साधने वापरून बनवलेल्या वस्तूचा हक्क दोघांचा, आणि स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी बनवली तर विद्यार्थ्याचा. ही धोरणातील मार्गदर्शक तत्त्वे आहेत. प्रत्येक कॉलेजाने ती कितपत स्वीकारली, हे प्रवेश घेतानाच विचारता येते. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत इथल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले आणि आजही चालू असलेले उद्योग किती? आणि हा विषय शिकवणाऱ्या सरांनी वा मॅडमनी मुलांना शेवटचे कोणत्या कारखान्यात नेले होते? उत्तरादाखल नुसते फोटोंचे अल्बम समोर आले तर काय ते समजून घ्या.

घरातही एक बोलणी व्हावी, आणि ती रागात किंवा हौसेत होऊ नये. पदवीनंतर किती महिने द्यायचे, घरातून जास्तीत जास्त किती रुपये लागतील, कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आकड्यांत ठरवा. बहिणीच्या लग्नाचा पैसा आणि अम्मीचे दागिने या यादीत सगळ्यात वर असावेत. मुदत संपली आणि काम चालले नाही, तर मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाईल. तिथे त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असेल. त्यावर घरात कोणी टोमणा मारणार नाही, हेही त्याच वेळी ठरवून टाका. लग्नाच्या बाजारात 'मुलगा काय करतो' याला 'स्वतःचे काम उभे करतोय' हे उत्तर चालत नाही, ही अडचण आम्हालाही माहीत आहे. ती मुलांची नाही, आपल्या मोठ्यांची आहे.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय बहुतेक ठिकाणी सातवे सत्र सुरू होताच नोंदवले जातात. म्हणजे सहाव्या सत्राच्या परीक्षेनंतरची सुट्टी हाच खरा वेळ. त्या सुट्टीत अब्बा सकाळी कारखान्यात जायला निघाले की मुलाला सोबत घ्यावे, मिस्त्रीच्या शेजारी स्टूल द्यावे आणि दुपारच्या डब्यापर्यंत त्याला काहीही काम सांगू नये.